बू जर्राहचा थर्मोस्टॅट

दुऐजला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. एकतीस वर्षं कुवेतच्या रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये काढलेल्या माणसाला साहेबाला काय सांगायचं आणि काय गिळायचं हे पक्कं ठाऊक असतं. पण आपल्या दिवाणियात, घराच्या त्या रस्त्याकडच्या बैठकीत, शाळेपासूनच्या मित्रांसमोर तो कधी खोटं बोलला नव्हता. ते त्याने साठाव्या वर्षी केलं, आणि तेही गाडीतल्या एका मुठीत मावणाऱ्या पितळी वस्तूपायी.

गाडी पिवळी, दोन सीटची, अमेरिकन. निवृत्तीनंतर बरोबरीच्या कुणी समुद्रकाठी घर घेतलं, कुणी उंट पाळले. दुऐजने ही घेतली. त्याची बायको लूलवा म्हणाली होती की आत बसायला वाकावं लागतं आणि बाहेर निघायला दोन माणसं लागतात, अशी गाडी घ्यायला हेच वय बरोबर आहे. दुऐजने ते हसण्यावारी नेलं. गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या त्याच्या घरासमोर लागायच्या, आणि त्या रांगेत आपली पिवळी दिसली की त्याला बाकी काही नको असायचं.

फक्त तिचं डोकं तापायचं. सप्टेंबरात, समुद्राच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की काटा एकशे दहाच्या वर जायचा. मग एसी बंद, काचा खाली, आणि पांढरा शुभ्र पायघोळ दिश्दाशा पाठीला चिकटलेल्या अवस्थेत साहेब घरी. मर्झूक हा त्याचा वर्गमित्र, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. दुऐजच्या मुलाचं नाव जर्राह, म्हणून मित्र त्याला बू जर्राह म्हणत. मर्झूक एका गुरुवारी सगळ्यांसमोर म्हणाला, "बू जर्राह, आज चहा आत नको करूस. किटली तुझ्या बॉनेटवरच ठेवू."

सगळे हसले. दुऐजही हसला, पण त्याला ते लागलं. तापमान हा त्याचा धंदा होता हो. एकतीस वर्षं त्याने मोठमोठ्या भट्ट्यांचे काटे सांभाळले होते आणि एकही भट्टी बिघडू दिली नव्हती. त्याने खजुराचं ताट पुढे सरकवलं आणि जाहीर करून टाकलं की महिन्याभरात काटा सत्तरवर आणून दाखवतो, आणि त्याच्या वर दिसला तर मला जर्राहचा बाप म्हणून हाक मारू नका.

सत्तरच का, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तोंडाला आलेला आकडा होता.

शुवैखच्या गल्ल्यांत गॅरेजांना तोटा नाही, पण दुऐज वीस वर्षं बोघोसकडे जायचा. बोघोस सीरियातल्या हलबचा आर्मेनियन. त्याच्या दुकानावर पाटी नव्हती, दारात तेलाच्या पिंपात लावलेलं एक लिंबाचं झाड होतं, तीच खूण. त्याची एक पद्धत होती. थर्मोस्टॅट बसवायचा असला की तो आधी किटलीत पाणी ठेवी, त्यात थर्मोस्टॅट सोडी, तापमापक लावी, आणि कितीला उघडतो ते गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दाखवी. त्याशिवाय गाडीला हात लावत नसे. घाईवाले वैतागत. बोघोस म्हणे, पाच मिनिटं इथं द्या, नाहीतर पाच तास रस्त्यात द्याल.

त्याने दुऐजसमोर दोन ठेवले. एक शहाऐंशीला उघडणारा, गाडीबरोबर आलेला तसा. दुसरा एकाहत्तरला उघडणारा. हे पाण्याच्या वाटेवरचं दार आहे, तो म्हणाला. दार बंद असतं तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि तापतं. दार उघडलं की ते रेडिएटरला जाऊन गार होऊन येतं. एकाहत्तरवाला लवकर उघडतो, म्हणून आपल्याकडे तो बरा. पण नुसत्या दाराने भागायचं नाही, रेडिएटरच्या जाळीत तीन उन्हाळ्यांची धूळ बसलीय ती काढावी लागेल, पंखेही लवकर सुरू व्हायला हवेत.

"सगळं कर," दुऐज म्हणाला. "पण मला काटा सत्तरवर पाहिजे."

"एकाहत्तरला हा उघडायला लागतो, पुरता उघडायला आणखी दहा अंश लागतात. गाडी ऐंशी-ब्याऐंशीवर राहील. तिथं ती खूश असते."

"मला सत्तर पाहिजे."

"सत्तर तुम्हाला पाहिजे, बू जर्राह. इंजिनाला नको."

बोलता बोलता बोघोसने हेही सांगितलं की काही लोक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, कुवेतमध्ये गरमी कुणाला हवीय म्हणून. आपण ते करत नाही. इंजिन कधी धड तापतच नाही, जास्तीचं पेट्रोल तेलात उतरतं, आणि वर्षभरात आतलं सगळं घासून जातं. दुऐजने जोरजोरात मान हलवली. असल्या अडाण्यांची त्याला फार चीड होती. गेल्याच वर्षी दाहम या मित्राच्या ड्रायव्हरने पिकअपचा थर्मोस्टॅट काढून फेकला, तेव्हा दुऐजने दिवाणियात अर्धा तास व्याख्यान दिलं होतं, आणि ही माणसं गाढवाची गाडी हाकायच्या लायकीची असंही म्हणाला होता. दाहम तेव्हा समोर बसला होता.

तर बोघोसने दोन दिवस राबून काम केलं, आणि काम सोन्यासारखं झालं. समुद्राच्या रस्त्यावर, ऐन गर्दीत, एसी चालू ठेवून काटा ब्याऐंशीवर उभा. एकशे बारावरून ब्याऐंशी. दुसरा कुणी असता तर बोघोसला मिठाईचा डबा नेऊन दिला असता.

पण गुरुवारी मर्झूक मुद्दाम गाडीत जाऊन बसला, काटा बघून आला आणि दारातच म्हणाला, "ब्याऐंशी. म्हणजे आजपासून नुसतं दुऐज."

एवढंच. कॉफीचा पहिला फेरा फिरेपर्यंत बाकीचे ते विसरूनही गेले. त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती. दुऐज मात्र मॅच बघत होता आणि त्याला चेंडू दिसत नव्हता. शनिवारी सकाळी त्याने अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. दोन बोल्ट. रिफायनरीच्या माणसाला दोन बोल्ट म्हणजे काय. त्याने थर्मोस्टॅट काढला, झाकण पुन्हा बंद केलं, आणि ती पितळी वस्तू पुसून स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली.

ऑक्टोबर लागला होता, हवा उतरली होती. पुढच्या गुरुवारी त्याने मर्झूकला शेजारी बसवून जहराच्या रस्त्याला फेरी मारली. काटा एकसष्टवर. मर्झूक काचेवर बोट आपटून बघत होता, काटा अडकलाय की काय म्हणून. परत आल्यावर त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, हात जोडल्यासारखे करून सांगितलं, की याला मानलं.

आणि मग सगळे विचारायला लागले. काय केलंस, कुठला बसवलास. त्या वेळी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि वर थोडं हसं झालं असतं. पण समोर दाहम बसला होता. गाढवाच्या गाडीवाला दाहम. दुऐजने मिशीवरून हात फिरवला.

"सगळी निवड असते," तो म्हणाला. "बोघोसने दोन पुढे ठेवले होते. मी म्हटलं, हा नको, तो बसव. एकाहत्तरचा. मापं आपल्याला कळतात."

इथं माणसाला थांबता यायला हवं होतं. पण लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खाली बघवत नाही. पुढचे दोन गुरुवार त्याने थर्मोस्टॅट कसा निवडावा यावर असं काही सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, बोघोसलाही यानेच शिकवलं. एकाहत्तरला उघडणारं दार आणि एकसष्टवरचा काटा, हा हिशेब स्वतःच्याच तोंडून उघडा पडतोय हे भट्ट्या सांभाळणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. ऐकणाऱ्यांच्याही नाही. त्यांनी एवढंच ऐकलं की बू जर्राहची गाडी बर्फासारखी चालते.

आठवड्याभरात मर्झूक बोघोसच्या दारात. म्हणाला, बू जर्राहला बसवलास तोच मला बसव. पाठोपाठ दाहम, मग दाहमचे दोन चुलतभाऊ. बोघोसने प्रत्येकासाठी किटली ठेवली, प्रत्येकाला एकाहत्तर दाखवला, बसवला. आणि प्रत्येकाची गाडी ऐंशी-ब्याऐंशीवर जाऊन उभी राहिली, जशी राहायला हवी तशी.

मर्झूक तक्रार घेऊन गेला. बोघोसने सांगितलं, हेच बरोबर आहे. मर्झूकने विचारलं, मग त्याची साठावर कशी? बोघोस जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, त्यांच्या गाडीचं मला माहीत नाही. हे गप्प राहणं मर्झूकने बरोबर टिपलं आणि चुकीचं लावलं. त्या गुरुवारी दिवाणियात येऊन त्याने निकाल दिला की बोघोस ओळखीच्याला असली माल देतो आणि बाकीच्यांना नकली चिकटवतो. किटलीचं काय, असं कुणीतरी विचारलं. मर्झूक म्हणाला, तापमापकही त्याचाच ना.

शुवैखमध्ये माणूस उशीर करतो हे चालतं, उद्धट बोलतो हेही चालतं. नकली माल देतो म्हटलं की तो संपला. दुऐजच्या डोळ्यांपुढे ती किटली होती, त्यात टक्कन उघडलेला थर्मोस्टॅट होता, बोघोसचं काळं बोट आकड्यावर होतं. त्याने फक्त म्हणायचं होतं की नाही, माल असली आहे. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता. तो मूग गिळून बसला. नंतर नंतर तर त्याने नुसता हुंकारही दिला, आणि त्या हुंकाराची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

नोव्हेंबरात तो एकदा त्या गल्लीतून गेला. नाइलाज होता, पुढचा रस्ता खणला होता. जिथं तीन-तीन गाड्या आडव्या लागलेल्या असायच्या तिथं एकही नव्हती. बोघोस दारात खुर्ची टाकून लिंबाच्या झाडाजवळ बसला होता, हात धुतलेले, स्वच्छ. त्या माणसाचे हात स्वच्छ त्याने वीस वर्षांत पाहिले नव्हते. पिवळी ओळखून बोघोसने नेहमीसारखा हात वर केला. दुऐजने गाडी पळवली. घरी येईपर्यंत त्याचे कान तापले होते.

हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकायला गेले तेव्हा हीटर लावला तर गार वारा. लूलवा शालीत गुरफटून बसली होती. ती म्हणाली की उन्हाळ्यात या गाडीत भाजून निघायचं आणि हिवाळ्यात गारठायचं, एवढं कौतुक घरातल्या फ्रिजचं करा, तो निदान एकच काम करतो. दुऐज खाली उतरला. तेलाची पट्टी ओढून बघितली तर तिला पेट्रोलचा वास येत होता. बोघोसने सांगितलेलं सगळं ओळीने घडत होतं.

डब्यातली ती वस्तूही लूलवालाच सापडली. खजुराची बिस्किटं भरायला डबा काढला आणि हे काय म्हणून हातात घेऊन उभी राहिली. त्याने तिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापाशी काही लपलं नव्हतं, हे तरी कसं लपणार.

"मग सांगून टाका त्यांना," ती म्हणाली.

"आता कसं सांगू?"

"जसं खोटं सांगितलंत तसंच. तोंडाने."

तो सांगणार होता. येत्या गुरुवारी, असं तो तीन गुरुवार ठरवत होता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी, मघरिबचा नमाज नुकताच झाला होता, तेव्हा दिवाणियाच्या दारात बोघोस उभा राहिला. कोट घातलेला, दाढी केलेला. आलेल्याला बसा म्हणायचं, शत्रू असला तरी म्हणायचं. दुऐज उठला, त्याला उजव्या हाताला बसवलं. कॉफी आली. बोघोसने फिंजान, तो बिनकानाचा छोटा पेला, घेतला आणि ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला.

तीस वर्षं या मातीत राहिलेला माणूस, त्याला रीत कळत होती. फिंजान खाली ठेवला म्हणजे पाहुणा काही मागायला आलाय, आणि यजमान हो म्हणत नाही तोवर तो पिणार नाही. कॉफी तशीच गार होऊ देणं म्हणजे घराची नाचक्की. दुऐजच्या आज्याच्या तंबूतही असंच चालायचं. उस्तादाला मुअल्लिम म्हणतात, तसं दुऐजच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पी, मुअल्लिम. जे मागायला आलास ते मिळालं समज."

बोघोस कॉफी प्यायला. मग म्हणाला, "उद्या दुपारी, अस्रच्या नमाजानंतर, याच सगळ्यांसमोर मला तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट काढून बघायचाय. माझा माल नकली निघाला तर दुकानाची चावी मी इथेच ठेवून जाईन."

मर्झूक खूश झाला. दाहम म्हणाला, नगरपालिकेत माझा भाचा आहे, नकली निघाला तर रविवारी परवाना रद्द. बोघोसने उठताना दुऐजकडे पाहिलं. उद्या हं, बू जर्राह, असं हलकेच म्हणाला आणि गेला. तो गेल्यावरही दुऐजला बोलता आलं असतं. सगळे तिथेच होते.

शुक्रवारी सकाळी त्याने डब्यातून थर्मोस्टॅट काढला आणि अंगणात जाऊन परत बसवला. त्याचा विचार साधा होता. उघडतील तर आत असली माल मिळेल, बोघोसचं नाव स्वच्छ होईल, आपलंही झाकलं राहील, कुणाचंच नुकसान नाही. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही सुचलं, असंही त्याला वाटलं. जुम्याच्या नमाजाला तो घाईने गेला. दोनदा साबण लावूनही हाताला इंजिनाच्या पाण्याचा तो गोडसर वास येतच होता. सजद्यात कपाळ टेकलं की तोच वास नाकात.

अस्रनंतर अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. शेजारचेही आले होते, फाटकाशी दोन गाड्या नुसत्या बघायला थांबल्या होत्या. बोघोस आपली किटली आणि तापमापक घेऊन आला. या वेळी तापमापक मर्झूकने स्वतःचा आणला होता, बोघोस बरं म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं आणि बोल्टकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. तो जरासा थांबला. मग बोल्ट काढले, थर्मोस्टॅट बाहेर घेतला आणि हातात फिरवला. तीन महिने पाण्यात राहिलेल्या वस्तूवर जो करडा थर बसतो तो त्यावर नव्हता. दुकानातून आणल्यासारखा चकचकीत. दुऐजला हे सगळं आत्ता दिसत होतं, बोघोसच्या डोळ्यांनी दिसत होतं.

बोघोसने थर्मोस्टॅट किटलीत सोडला. किटलीत पाणी तापलं. एकाहत्तरला थर्मोस्टॅट उघडायला लागला, अगदी मर्झूकच्या तापमापकावर.

दुऐजने श्वास सोडला. सुटलो, त्याला वाटलं.

"असली आहे," मर्झूक म्हणाला. "बघा. ह्याला असली. आणि आम्हाला नकली. आता आणखी कसला पुरावा पाहिजे?"

माणसांमध्ये कुजबुज उठली. बरोबरच होतं त्यांचं. एकाच दुकानातून पाच थर्मोस्टॅट गेलेले, एकाची गाडी साठावर, चौघांच्या ब्याऐंशीवर, आणि साठवाल्याचा माल आत्ता सगळ्यांसमोर अस्सल ठरला होता. दाहमने खिशातून फोन काढला आणि भाच्याचा नंबर शोधायला लागला. दुऐजने बोघोसला वाचवायला म्हणून जे केलं होतं त्यानेच त्याचा गळा कापला जात होता.

बोघोसने थर्मोस्टॅट फडक्यात ठेवला. त्याने मर्झूककडे पाहिलं नाही, दाहमकडेही नाही. तो दुऐजकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. किटलीजवळ बसून तो पाण्याची वाट बघायचा, तशीच आत्ता वाट बघत होता.

"फोन ठेव, दाहम," दुऐज म्हणाला.

आवाज असा निघाला की त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"तो मी आज सकाळी बसवला. ऑक्टोबरपासून आत काहीच नव्हतं. मीच काढला होता. तुम्हाला सांगितलं ते सगळं खोटं होतं."

जमिनीत गडप व्हावं म्हणतात, पण अंगणातली फरशी पक्की होती आणि तो तिच्यावर उभाच होता. मर्झूक आपला तापमापक न्याहाळत बसला. दाहमकडे बघायची दुऐजची छाती झाली नाही. दाहमने गाढवाच्या गाडीचं नाव काढलं असतं तर बरं झालं असतं. त्याने काढलं नाही.

मग बोघोस सावकाश म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. एकाहत्तरला उघडणारं दार असेल तर इंजिन साठावर राहूच शकत नाही. दार बंद असतं तोवर पाणी तापणारच. साठ ऐकलं आणि समजलो, आत दारच नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?" मर्झूकने विचारलं. तो अजूनही थोडा गुर्मीत होता, पण ती गुर्मी विझत चालली होती.

"कुणाशी बोलू? तुम्ही माझं ऐकलं असतंत, की बू जर्राहचं?"

उत्तर अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"काल आलो तेव्हा वाटलं, स्वतःच्या घरात स्वतःच सांगतील," बोघोस म्हणाला. "म्हणूनच आज नको, उद्या म्हटलं. एक दिवस मध्ये ठेवला." पुढचं तो बोलला नाही. त्या एका दिवसाचं दुऐजने काय केलं ते चकचकीत होऊन फडक्यात पडलं होतं.

एवढं झाल्यावर तो माणूस किटली उचलून निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं. दुऐजला तर तेच हवं होतं. पण बोघोस बॉनेटमध्ये वाकला. त्याने तेलाची पट्टी ओढली, वास घेतला, अंगठ्यावर एक थेंब चोळून पाहिला आणि मान हलवली. थर्मोस्टॅट जागेवर बसवला, बोल्ट आवळले, पाणी भरलं. मग हात पुसत म्हणाला की तेल आधी बदलावं लागेल, इंजिन आतून किती घासलंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही, गाडी आज माझ्याबरोबर जाऊ द्या.

दुऐजने चावी दिली. चावी देताना त्याची मान वर झाली नाही. बोघोसने ती घेतली, गाडीत बसला आणि इंजिन सुरू करून, दार उघडंच ठेवून, कान देऊन ऐकत राहिला. फटफट आणि मध्येच एक खडखड. त्या खडखडीकडे त्याचं सगळं लक्ष.

दुऐज दाराशी आला. आयुष्यात त्याने बापाची माफी मागितली होती, साहेबांची मागितली होती, लूलवाची तर कित्येकदा. हाताने काम करणाऱ्या माणसाची कधी मागितली नव्हती, तशी वेळ येते हेच त्याला माहीत नव्हतं. मागे सगळे उभे होते, फाटकाशी त्या दोन गाड्याही अजून थांबलेल्या, वरच्या खिडकीत लूलवा.

"मुअल्लिम," तो म्हणाला, "माझं चुकलं."

इंजिनाच्या आवाजात ते बोघोसला ऐकूच गेलं नाही. त्याने पायाचा दाब कमी केला, कानामागे हात धरला आणि विचारलं, काय म्हणालात?

सगळ्या अंगणाचं लक्ष दुऐजच्या तोंडाकडे लागलं. मग त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं, फाटकापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने.